देठावरचा गंज

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. तलवार मी विकायला नेली नव्हती. आमच्या नात्यात गेली दोन वर्षं असं बोललं जातंय की हिनं आजोबांची तलवार बाजारात काढली, भाव पटला नाही म्हणून परत आणली आणि आता त्या माणसाच्या नावानं खडे फोडते. तसं नाही. मी ती साफ करायला दिली होती. पात्यावर पाच डाग पडले होते, दरवर्षी थोडे थोडे वाढत होते, म्हणून दिली.

डाग कुंकवाचे होते. खंडेनवमीला आमच्याकडे विळा, कोयता, खुरपं आणि शेवटी आजोबांची तलवार अशी ओळीनं पाटावर मांडतात. ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं, झेंडूचं फूल, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून परत म्यानात. १९४७ पासून हे चाललं होतं. आजोबांनी केलं, माझ्या वडिलांनी, बापूंनी केलं, बापूंच्या मागे मी केलं. पाच बोटं दरवर्षी त्याच जागी पडायची आणि त्याच जागी पातं खायची, हे आमच्या तीन पिढ्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. महायुद्ध संपल्यावर राष्ट्रकुल देशांची फौज जपानच्या बंदोबस्ताला गेली, तिच्यात मराठ्यांची एक पलटण होती. १९४६ साली गेले, १९४७ मध्ये परतले. जपानी लोकांच्या तलवारी तेव्हा सरसकट जमा करून घेतल्या होत्या. काही वितळवल्या, काही समुद्रात टाकल्या, काही सैनिकांना आठवण म्हणून वाटल्या. त्या वाटपातली ही एक. आजोबांच्या तोंडात त्या मुलखातलं गाव एकच असायचं, ओकायामा. हिंदी फौजेचं मुख्य ठाणं तिथं होतं.

मी लहान असताना ते रात्री कधीतरी तलवार काढायचे आणि पिवळ्या दिव्याखाली तिरकी धरायचे. “पाणी बघ, पाणी,” म्हणायचे. आधी काही दिसायचं नाही. मग ते मनगट जरासं वळवायचे आणि धारेच्या वर, पात्याच्या अंगातच, एक पांढुरकी रेघ उठायची. सरळ नाही. लाट वर येते, माथ्यावर तिची दोन टोकं होतात, पुन्हा खाली जाते. अशी सगळ्या लांबीभर. वरून काढलेली वाटायची नाही, धुक्यासारखी आतून आलेली दिसायची. आपल्याकडे हत्याराला पाणी देतात म्हणतात, ते डोळ्यांनी दिसतं हे मला आजोबांनी दाखवलं. त्या रेघेला जपानी भाषेत ‘हामोन’ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

तर ते दुकान. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे गृहस्थ, या धंद्यात तीस वर्षं आहेत असं माझ्या भावजयीच्या ओळखीतून कळलं होतं. दुकानात समया, अडकित्ते, जुनी घड्याळं, भिंतीवर दोन धोप तलवारी. बोलायला गोड. मी फडक्यातून तलवार काढली तर त्यांनी पातं बघायच्या आधी म्यान बघितलं. म्यानावर कातडं, मुठीवर तपकिरी फीत, फितीखाली पितळेची साकुराची फुलं.

“ताई, ही मिलिटरीची. कारखान्यातली. युद्धात अशा पोत्यानं काढल्या होत्या.”

मी म्हटलं, असेल, मला फक्त डाग काढायचेत. मग त्यांनी खिळा आणि हातोडी घेतली, मुठीतली बांबूची खुंटी ठोकून बाहेर काढली आणि मूठ ओढली. पात्याचा मुठीत बसणारा भाग मी तेव्हा जन्मात पहिल्यांदा पाहिला. जपानी लोक त्याला ‘नाकागो’ म्हणतात, मी देठ म्हणते. जुन्या लोखंडी तव्याच्या पाठीसारखा काळा-तपकिरी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. त्याला दोन भोकं होती. आणि उभ्या ओळीत काहीतरी कोरलेलं होतं, अंधूक.

“हे काय लिहिलंय?”

“बनवणाऱ्याचं नाव असतं, साल असतं. गंज काढून देतो, म्हणजे वाचता येईल. वय कळेल तुम्हाला.”

मी हो म्हटलं. माझा दोष असेल तर तो एवढ्याच शब्दाचा आहे, आणि तो मी कबूल करते. पण मला देठाबद्दल काही माहीत नव्हतं, आणि तीस वर्षं जुन्या वस्तू विकणाऱ्या माणसाला ते माहीत असायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी गेले. “बघा ताई, कसं चकाचक केलंय,” म्हणत त्यांनी तलवार काचेवर ठेवली. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला बरंच वाटलं. डाग गेले होते. पातं टेबलावरच्या दिव्यात लखलखत होतं. देठसुद्धा नव्या चमच्यासारखा पांढरा. नाव? “ते झिजलेलं होतं हो, फार जुनं नव्हतंच, वरवरचं होतं.” साडेतीन हजार रुपये घेतले. पावतीवर लिहिलं, ‘तलवार साफसफाई, एक नग’.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी मोठा दिवा बंद केला, टेबललॅम्प लावला आणि आजोबा धरायचे तशी तलवार तिरकी धरली. मनगट वळवलं. पुन्हा वळवलं. खुर्ची बदलून बसले, दिवा खाली घेतला. पात्यात माझं तोंड दिसत होतं, चष्म्यासकट, मागचं कॅलेंडरसुद्धा दिसत होतं. पाणी दिसत नव्हतं. साठ-एक वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या माणसानं मला दाखवलेली रेघ कुठंच नव्हती. पात्याच्या मधोमध टोकापर्यंत जाणारी जी धारदार कणी होती, ज्यावर बोट ठेवलं तर टोचायची, ती साबणाच्या वडीच्या कडेसारखी गोल झाली होती. मी तलवार मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले. यजमान दोनदा विचारायला आले, काय झालं. मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी फोन केला. “ताई, तुम्हीच म्हणालात डाग काढा.” मी म्हटलं, पाणी गेलं. “पाणी कसलं? आता आरशासारखं झालंय.” कशानं घासलं, विचारलं. आधी टाळलं, मग म्हणाले की एमरी पेपर मारून बफिंगच्या माणसाकडे दिली होती, स्टीलच्या रेलिंगला पॉलिश करतो तोच, हात चांगला आहे त्याचा. आणि देठ? “ॲसिडात बुडवला. गंज ठेवतं का कुणी?” शेवटी, मी गप्प झाल्यावर, आवाज खाली आणून म्हणाले, “जाऊ द्या हो, कारखान्यातलीच आहे. पंधरा हजार देतो, तुमच्या जिवाला त्रास नको.”

हे वाक्य मी विसरणार नाही. आधी आपल्या हातानं नासवायची आणि मग नासकी म्हणून भाव करायचा.

त्यानंतर मी जे शिकले ते शिकायला दोन वर्षं गेली. कुणाला दोन दिवसांत हवं असेल तर खाली देते आहे. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांनी ब्रह्मदेशातून, मलायातून किंवा जपानातून आणलेली तलवार माळ्यावर पडली असेल, त्यांच्यासाठी हे आहे. अशी घरं सातारा-कोल्हापूरकडे आहेत, हे मला माहीत आहे.

देठ साफ करायचा नाही. तेल नाही, लिंबू नाही, काचकागद नाही, ॲसिड तर नाहीच. जपानमधले पारंपरिक पॉलिश करणारे कारागीर पातं आठवडेच्या आठवडे पाण्याच्या दगडांवर घासतात, एकामागून एक बारीक होत जाणारे दगड वापरतात, पण देठाला हात लावत नाहीत. चारशे-पाचशे वर्षांत पातं कितीदा तरी घासलं जातं, देठ मात्र घडवणाऱ्यानं सोडला तसाच राहतो. म्हणून वय ठरवणारा माणूस आधी देठ मागतो. गंजाचा रंग किती खोल आहे, गंज गुळगुळीत बसला आहे की लाल पापुद्रे सुटताहेत, कानशीच्या रेघा आडव्या की तिरक्या, टोकाचा आकार कसा, भोकं किती. नाव खरं की मागाहून कोरलेलं, हेही तिथंच ठरतं. अक्षराच्या खाचेतला गंज आणि बाहेरचा गंज एकसारखा पाहिजे. खाचेच्या कडा ताज्या दिसल्या की शंका घ्यायची. माझ्या तलवारीत आता खाचेतही गंज नाही आणि बाहेरही नाही. पातं एखाद्या दिवशी पुन्हा घासता येईल. पाण्याची रेघ पोलादाच्या आत असते. बफिंगच्या उष्णतेनं पोलाद मऊ पडलं नसेल, तर चांगला कारागीर ती परत वर आणू शकतो. देठावर पाचशे वर्षांचा गंज कुठलाही कारागीर परत चढवू शकत नाही.

दुसरं, म्यान आणि मूठ बघून पात्याचं वय ठरवू नका, आणि तसं ठरवणाऱ्याच्या दुकानात थांबू नका. जपानमध्ये १८७६ साली सर्वसामान्यांना तलवार बाळगून हिंडायला बंदी झाली. पुढे १९३४ मध्ये लष्करानं अधिकाऱ्यांसाठी जुन्या घडणीची मूठ आणि म्यान पुन्हा आणलं. कित्येक अधिकाऱ्यांनी घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेलं पातं त्या सरकारी म्यानात बसवून घेतलं. म्हणजे बाहेरचं कातडं १९४० चं आणि आतलं पातं १५०० चं, असं होऊ शकतं. आमच्या तलवारीच्या देठाला दोन भोकं होती ती याचमुळे असावीत. एक पहिल्या मुठीचं, दुसरं नव्या मुठीसाठी पाडलेलं. मूठ उघडल्या क्षणी ती दोन भोकं त्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर होती.

कारखान्यातल्या तलवारी असतात, नाही असं नाही. हवालदार वगैरे लोकांना दिलेल्या तलवारींची मूठ बऱ्याचदा ॲल्युमिनियमची ओतलेली असते, फितीचे फक्त ठसे उमटवलेले असतात आणि पात्यावर नंबर ठोकलेला असतो. असा नंबर दिसला तर पुढं फार शोधत बसू नका. अधिकाऱ्यांसाठी युद्धाच्या काळात केलेल्या बऱ्याच पात्यांच्या देठावर नावाच्या वर एक छोटा शिक्का असतो. अशी बरीच पाती पाण्याऐवजी तेलात थंड केलेली असतात, त्यांच्या रेघेत तो धुक्याचा थर नसतो. पण शिक्का आहे की नाही हेसुद्धा देठावरच कळतं.

बापूंची वही मला त्या प्रकरणानंतर चार महिन्यांनी सापडली. बापू चित्रकलेचे शिक्षक. मुलांना नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायला लावायचे आणि ठसा घ्यायला शिकवायचे. वहीत पानफुलांच्या ठशांमध्ये दोन लांबट पट्ट्या होत्या. खाली तारीख, दसरा १९८२. तलवारीची मूठ त्यांनी कधी काढली, कुणाला विचारून काढली, माहीत नाही. देठाच्या दोन्ही बाजूंचे ठसे होते. कानशीच्या रेघा, दोन भोकं, आणि अक्षरं. पूर्ण अक्षरं. वहीचं पान हातात धरून मी ट्रंकेसमोर खाली बसले. जपानमध्ये तलवारीच्या अभ्यासकांची अशीच पद्धत आहे, देठावर कागद ठेवून ठसा घ्यायचा. त्याला ‘ओशिगाता’ म्हणतात. बापूंना हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. पुण्यात जपानी शिकणारी मुलं कमी नाहीत. तिला पान दाखवलं. ती अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, मोबाइलवर ताडून वाचत गेली. एका बाजूला, बिशू ओसाफुने सुकेसादा. दुसऱ्या बाजूला, तेनबुन, गो नेन, नि गात्सु, हि. तेनबुन पाचवं वर्ष, दुसरा महिना, दिवस.

“कितवा दिवस?” मी विचारलं.

“आकडा नाही मावशी. नुसतं ‘दिवस’.”

ही त्यांची रीत आहे. दिवस लिहायचा, आकडा नाही. महिनाही बहुतेक दुसरा नाहीतर आठवा, तो त्याच महिन्यात घडवली म्हणून नव्हे, संकेत म्हणून. साल काढायची पद्धत सोपी आहे. जपानी लोक राजवटीच्या नावानं वर्षं मोजतात. तेनबुन १५३२ ला सुरू झालं, ते पहिलं वर्ष धरायचं, म्हणून पाचवं वर्ष १५३६. शोवा असेल तर आकड्यात १९२५ मिळवायचे. शोवा १७ म्हणजे १९४२. सुरुवातीचं वर्ष एक धरायचं असतं, शून्य नाही. यात पुष्कळ लोक एका वर्षानं चुकतात.

आणि ओसाफुने हे गाव ओकायामाकडचंच. जुन्या बिझेन प्रांतात, योशिई नदीच्या काठी, तलवारी घडवणाऱ्यांचं मोठं गाव. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नदीला पूर आला आणि ती सगळी परंपरा वाहून गेल्यासारखी झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मी तिथं कित्येक संध्याकाळी फिरायला गेले आहे. कपाटात त्याच मुलखातली तलवार होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता इथं मी थोडं सांभाळून बोलते, कारण या टप्प्यावर लोकांचे पाय जमिनीवरून सुटतात. नाव मिळालं म्हणजे खजिना मिळाला असं नाही. सुकेसादा या नावानं ओसाफुनेत डझनांनी लोहार होऊन गेले. तो यादवीचा काळ, तलवारींना मागणी अमाप, त्यामुळे भराभर घडवलेल्या तलवारीही खूप. खास गिऱ्हाइकासाठी घडवलेल्या तलवारीवर नाव लांबलचक असतं, ‘बिझेन नो कुनी’ असा प्रांताचा पूर्ण उल्लेख आणि लोहाराचं स्वतःचं नावही. ठोक मालावर नुसतं ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’. आमच्या तलवारीवर नुसतंच आहे. शिवाय प्रसिद्ध नावं खोटी कोरण्याची चाल जपानमध्ये शेकडो वर्षं चालत आली. म्हणून जाणकार आधी पातं वाचतात आणि मग नाव पातं सांगतं त्याच्याशी जुळतं का ते बघतात. नावापासून सुरुवात करू नका.

भाचीच्या शिक्षकांमार्फत आम्ही ठसे आणि फोटो जपानमधल्या एका पॉलिश करणाऱ्या कारागिरांना पाठवले. त्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पहिल्या दोन ओळी देठाबद्दल होत्या आणि त्यात फार हळहळ होती. मग त्यांनी काही मापं विचारली. पात्याची लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजायची, वाकडेपणाबरोबर टेप वळवायची नाही. आमची ६३.६ सेंटिमीटर भरली, म्हणजे त्यांच्या मापानं दोन शाकु एक सुन. देठ आखूड, जेमतेम वीतभर. बाक टोकाकडे जास्त. त्यांनी लिहिलं की सोळाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अशाच तलवारी घडत. पायदळाच्या लढाईत एका हातानं चटकन उपसायच्या, म्हणून आखूड आणि देठही एका मुठीचा. रेघेचं वर्णन मी आठवणीतून लिहिलं होतं, लाटेच्या माथ्यावर दोन टोकं होतात ते. त्यावर त्यांनी एकच ओळ लिहिली. खेकड्याच्या नांगीसारखी ती रेघ त्या काळच्या बिझेनच्या लोहारांची ओळख होती. आकार, माप, रेघ, नाव, साल, सगळं एका दिशेला जात होतं. आणि शेवटी, देठ या अवस्थेत असताना नाव खरं की खोटं हे कुणालाच सांगता येणार नाही.

१९४८ पासून जपानमध्ये तलवारी पारखून प्रमाणपत्र देणारी मोठी संस्था आहे. तिथं पाठवावी असं मनात आलं होतं. पण शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार आपल्याला आपल्या मर्जीनं देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी ‘मी कुरिअरनं पाठवून देतो’ म्हणालं तर देऊ नका. शस्त्र कायदाही आहेच. घरात तलवार असेल तर आपल्या जिल्ह्यात काय नियम आहे हे वकिलाला विचारून घ्या, आणि ती कुठून आली याचे कागद, आजोबांचं डिस्चार्ज बुक, जुने फोटो एका जागी ठेवा.

आता हाताळणीचं. खुंटी बांबूची असते आणि एका बाजूला निमुळती असते. बारीक बाजूनं, लाकडाच्या काडीनं, हलक्या हातानं ढकलायची. मूठ डाव्या हातात उभी-तिरकी धरून उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर ठोके दिले की पातं आपोआप सैल होतं. होत नसेल तर सोडून द्या, हातोडी घेऊ नका. आमची जुनी खुंटी त्या दुकानात राहिली आणि त्या जागी तार वाकवून घातली होती. हे घरी आल्यावर दिसलं. पात्याला उघडं बोट लावायचं नाही, घामानं डाग पडतो. म्यानातून काढताना धार वर ठेवायची. खोबरेल तेल नको, शिवणयंत्राचं पातळ तेल, तेही पुसट. पोटमाळ्यावर ठेवू नका. मुलांच्या हाती देऊ नका, हे सांगायला नको.

फोटो मात्र आधी काढा, कुणालाही दाखवण्याच्या आधी. टोक वर, धार आपल्या डावीकडे केली की समोर येते ती बहुतेक नावाची बाजू. उलटी केली की सालाची. फ्लॅश नको, खिडकीशी बाजूनं येणारा उजेड घ्या, शेजारी पट्टी ठेवा. बापूंसारखा पेन्सिलीचा ठसा घेता आला तर उत्तमच. फक्त कागद पातळ घ्या आणि हात हलका ठेवा. आणि साफसफाईला द्यायचीच असेल तर पावतीवर लिहून घ्या, ‘देठाला हात लावणार नाही, बफिंग करणार नाही’, खाली सही. माझ्या पावतीवर ‘एक नग’ लिहिलं होतं. वकिलांनी ती पाहिली आणि परत दिली. काय दिलं, कसं दिलं, काय करायचं ठरलं, त्यातलं काहीच तिच्यात नव्हतं. चोरी झाली नव्हती, तलवार तर माझ्याकडेच होती.

माझा चुलतभाऊ अजून म्हणतो, एवढं काय, लोखंडच ना. त्याला मी बापूंच्या वहीचं पान दाखवलं. त्यानं बघितलं आणि विचारलं, मग आता विकली तर किती येतील?

गेल्या दसऱ्याला आम्ही तलवार म्यानातच ठेवली. हळदकुंकू म्यानाच्या कातड्याला लावलं, पात्याला नाही. भाचीनं जपानी पद्धतीनं, बसल्या बसल्या वाकून नमस्कार केला. खुंटी मी आमच्याकडच्या बांबूचीच करून घेतली, गावातल्या बुरुडानं तासून दिली, पैसे घेतले नाहीत.

या जानेवारीत त्या गृहस्थांचा फोन आला. माझ्याकडे नंबर सेव्ह होता. आवाज तोच, गोड. ती मिलिटरीची तलवार अजून आहे का, एक गिऱ्हाईक आहे, चाळीसपर्यंत जाईल. पंधराचे चाळीस कसे झाले, मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तुम्ही ती मूठ काढली होतीत, देठाला भोकं किती होती ते आठवतंय का?

जरा थांबून म्हणाले, “एकच असतं ना ताई.”

मी फोन ठेवला. दोन आहेत.